शून्य कचऱ्याचं प्रमाणपत्र

आमचे मामा शहराच्या कचरा डेपोत काट्यापाशी बसतात. गाडी आली की वजन बघायचं आणि वहीत लिहायचं, एकवीस वर्षं हेच. माणूस इतका सरळ की अंदाजाने एक किलोही लिहिणार नाही.

मध्यंतरी काटा महिनाभर बंद पडला. मामांनी रोज वहीत नुसती रेघ ओढली. ऑफिसातल्या कॉम्प्युटरने त्या रेघेचं शून्य केलं. कचरा घटवणं हे शाश्वत विकासाचं एक उद्दिष्टच, त्यामुळे सरकारी क्रमवारीच्या तक्त्यात आमचं शहर मागासांच्या लाल रंगातून थेट हिरव्यात, पहिल्या नंबरावर. मामांना प्रमाणपत्र मिळालं.

"साहेब, काटा बंद होता हो," मामा ज्याला त्याला सांगत सुटले. पालथ्या घड्यावर पाणी. साहेब म्हणाले, "काय हा विनय."

मग काटा दुरुस्त झाला, खरे आकडे गेले आणि शहर पुन्हा लाल झालं. काल साहेबांचा फोन आला. "एवढं छान काम करत होतात, अचानक काय बिनसलं?"

मामांनी फोनवर हात ठेवला आणि गोंधळून मामीला विचारलं, "अगं, तो महिना मी रिकामा बसून होतो, हे यांना कुठल्या रकान्यात लिहून देऊ?"