बाबांनी मला पोचवलं त्याची गोष्ट

माझ्या बाबांनी तीस वर्षं ओंडक्यांचा ट्रेलर चालवला. आमच्या जंगलातली झाडं अशी, की अख्खं घर हातात हात धरून एका बुंध्याभोवती उभं राहिलं, तरी शेवटचे दोन हात काही भेटायचे नाहीत. तसले ओंडके ते लाकडाच्या गिरणीत पोचवायचे. गिरणीत त्यांना सगळे 'घड्याळ' म्हणायचे. त्यांचा ट्रेलर फाटकात शिरला की लोक जेवणाचे डबे उघडायचे, इतके वेळेवर.

आणि हा असा माणूस मला समुद्राकाठच्या गावी सोडायला निघाला. तिथल्या बंदरावर मला क्रेन चालवायची नोकरी लागली होती. दुपारी चारच्या आत हजर व्हा, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावू, असं पत्रात ठळक अक्षरांत बजावलेलं. वाट सात तासांची. आम्ही सकाळी सहाला निघालो. म्हटलं, तीन तास हाताशी आहेत, काळजी नाही. कसलं काय!

गाडी आमची एवढीशी, पण बाबांच्या हिशेबी मागे अजून ट्रेलर जोडलेलाच होता. वळण आलं की आधी उलट्या बाजूला जायचं, मग सगळा रस्ता अडवून वळायचं. मागचे लोक हॉर्न बडवून बडवून दमले. एक सायकलवाली आजी आम्हाला ओलांडून पुढे गेली. वर "सावकाश या हं," म्हणाली.

उतार संपला की ब्रेक थंड करायला थांबा. मध्येच टपावरच्या माझ्या ट्रंकेचे दोर तपासायला थांबा. बाबा उतरायचे, दोर ओढून बघायचे, चाकाला लाथ मारायचे, पाणी प्यायचे, मग कंबरेवर हात ठेवून एखाद्या झाडाकडे बघत बसायचे. जंगल संपल्यावर विजेच्या खांबाकडे.

दोन वाजले तरी समुद्राचा पत्ता नाही. माझा जीव टांगणीला लागलेला. अकराव्यांदा गाडी थांबली आणि माझं डोकंच फिरलं.

"बाबा, बास! माझी नोकरी जाईल! मी काय ओंडका आहे का?"

बाबा दोर धरून तसेच उभे राहिले. "ओंडका असतीस तर एव्हाना पोचवलं असतं."

मला रडूच फुटलं. म्हटलं, "मलाही तुम्हाला सोडून जावंसं वाटत नाहीये हो. पण मला क्रेन चालवायचीय."

"मग आधी बोलायचं ना," म्हणत बाबांनी नाक शिंकरलं आणि ते गाडीत बसले. पुढचे पावणेदोन तास मी डोळे घट्ट मिटून होते. आपल्यात एवढा वेग आहे हे त्या गाडीलाही माहीत नसावं.

चारला सात मिनिटं कमी असताना आम्ही बंदराच्या कार्यालयात. कारकुनानं माझं नाव लिहून घेतलं. बाबा मात्र जागचे हलेनात.

"पोचपावती?"

"कसली?"

"माल दिला की पावती घेतल्याशिवाय मी कधी परतलो नाही."

कारकून हसलासुद्धा नाही. कोऱ्या कागदावर त्यानं लिहिलं, 'एक मुलगी, चालू अवस्थेत, वेळेत.' खाली सहीसाठी रेघ मारली.

बाबांनी कागद निरखून वाचला. "सही राहिली."

"ती ताब्यात घेणाऱ्यानं करायची. मी कुठं हिला ताब्यात घेतलंय?"

बाबा माझ्याकडे वळले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्या हातात दिलं. मी सही केली.