चतुर्थीचा चंद्र, कानांनी

माळव्यातल्या बदनावरच्या मंडीमागे गणोजी पंपांच्या मोटारी दुरुस्त करतो. चालू मोटारीला पेचकसाचं टोक टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, की आतलं बेअरिंग बोलू लागतं. त्या गणोजीला मोबाइलवर कळलं की चंद्रसुद्धा हादरतो, आणि गडी पार हरखून गेला. सोयाबीनच्या ट्रॉल्यांतून वाट काढतानाही तोंडी तेच. बायको, सुमंगला, म्हणाली, "तिथं विहीर नाही, पंप नाही. तुमचं गिऱ्हाईक कोण?"

मराठी समाजाच्या गणपतीत यावर बोलायचं, असं त्याने ठरवलं. जन्मात तो कधी मंचावर चढला नव्हता. अध्यक्ष गोपाळरावांनी पहिली संध्याकाळ दिली. ती चतुर्थीची, हे दोघांच्याही ध्यानात आलं ते त्याच सकाळी.

गोपाळराव म्हणाले, "आज चंद्र बघितला तर चोरीचा आळ येतो, आणि तू पडद्यावर दाखवणार? राहू दे, भिया. पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष कुणी पाहिलंय? मग एकदम गणोजीचे डोळे लकाकले.

"दाखवत नाही, काका. ऐकवतो."

संध्याकाळी पडदा नव्हताच. गणोजीने पूजेच्या टोपलीतला नारळ उचलला, कानाशी हलवला. विकत घेताना आपण तो फोडून बघतो का, त्याने विचारलं. लोक हसले, आणि त्याची जीभ सुटली. माणसांनी पन्नास वर्षांपूर्वी चंद्रावर यंत्रं ठेवली, ती जमिनीला कान लावून बसली. पृथ्वीची ओढ महिन्याच्या फेऱ्यात कमीजास्त होते, तसा चंद्र शेकडो कोस खोल कुरकुरतो. कोरडा, तडकलेला, म्हणून एकदा हादरला की घुमत राहतो. ती थरथर कुठे वळते, कुठे अडते, यावरून पोटातलं कळतं.

"म्हणजे त्याच्या पोटात पाणी?" गोपाळरावांनी खालून टोकलं.

"वितळलेलं लोखंड, काका. त्याच्याही आत घट्ट लोखंडी गोळा. कुणी डोळ्यांनी पाहिला नाही, तरी आहे."

मंडपात टाळ्या थांबेनात.

वक्त्याला शाल-श्रीफळ द्यायची रीत. गोपाळरावांनी शाल पांघरली, पण नारळ हातातच धरला, कानाशी नेऊन हलवला, ठेवला, दुसरा घेतला. तिसऱ्यावर त्यांची मान डोलली.

"घे. ऐकून दिलाय."

मंडळी रिवाजाप्रमाणे माना खाली घालून घरी निघाली. गणोजीही तसाच चालला होता, नारळ कानाशी धरून.