मागच्या फाटकावरचा परवलीचा शब्द

पहारेकरी भेरूसिंहाने लाठी आडवी धरली आणि माझ्या बायकोला कारखान्याच्या मागच्या फाटकावर अडवलं. ती माझी भाकरी घेऊन आली होती. सारखी म्हणत होती, “आग लागली आहे, आत जाऊ दे.”

“सबद बोलो, बाई साब,” भेरूसिंह म्हणाला.

मी तिथे नव्हतो. पुढचं दोघांनी नंतर सांगितलं, आणि दोघांचं सारखंच निघालं, म्हणून लिहितो. हल्ली कारखाने काढणारी मंडळी मला विचारतात, जमादार, पलटणीतलं आम्ही काय घ्यावं? मी चार बुकं शिकलेला माणूस. धड सांगता येत नाही. घडलं तेवढं सांगतो.

पलटणीत मी सिग्नलवाला होतो. आरशावर ऊन घेऊन लांबच्या टेकडीला निरोप द्यायचा, ते काम. सुटल्यावर काही दिवस धारला काढले, मग देवासला एका सेठजींच्या जिनात जमादार झालो. जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. रुईची चोरी फार होई. देवासात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि हद्द भर गावातून जाते. चोर रस्ता ओलांडून गेला की अलीकडचा शिपाई नुसता बघत राही.

मी दोन गोष्टी लावल्या. हुकूम ऐकला की तो परत म्हणून दाखवायचा, ही एक. दुसरी, परवलीचा शब्द. रोज सकाळी एक शब्द ठरेल, तो सांगेल त्यालाच आत सोडायचं. शब्द एकटा पाहिजे, पुढेमागे काही नको. भाकरी आणणाऱ्या घरच्या माणसांनाही तोच नियम. महिनाभर मूठभर रुई गेली नाही. सेठजी खूश.

त्या सकाळी ते म्हणाले, “जमादार, आज का शब्द तुम्हारे नाम का. गोविंदराव! बस.”

माझी छाती फुगली. घर जिनामागेच होतं. जाऊन हिला सांगितलं. ती चुलीपाशी होती. म्हणाली, “दुसरा शब्द नाही का मिळाला सेठजींना?”

“हुकूम म्हणजे हुकूम,” म्हटलं आणि निघालो.

बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, हे मला ठाऊक नव्हतं काय? ठाऊक होतं. तरी डोक्यात आलं नाही. कसं आलं नाही, ते अजून कळत नाही.

आणखी एक. चोर आग-आग ओरडून आत शिरतात, कोणी आग म्हटलं तर जास्त सांभाळ, हेही भेरूसिंहाला मीच शिकवलेलं. त्याने तीनदा परत म्हणून दाखवलं होतं. एक अक्षर चुकला नाही.

धूर रुईच्या गाठींच्या मागून निघत होता. तो बाहेरून, भिंतीच्या कोपऱ्यापलीकडूनच दिसे. आत त्या गाठींना लागून असलेल्या पडवीत अकरा बाया कापूस निवडत होत्या. त्यांची वाट गाठींमधूनच.

“अरे मेल्या, कोपऱ्यापर्यंत येऊन बघ तरी!”

“जगा छोड़वा को हुकम नी है.”

“शब्द मला ठाऊक आहे.”

“तो बोलो.”

“बोलता येत नाही. तुमच्या जमादारांचं नावच ते!”

“तो नाव बोलो, बाई साब. आधो सबद नी चाले.”

मग तिने उखाणा घेतला म्हणे. उखाण्यात नाव घेतलेलं चालतं. यमकही धड जुळलं नाही त्या घाईत. भेरूसिंहाने सगळा ऐकून घेतला आणि मान हलवली. “गाणा में नी. सीधो बोलो.”

इंजिनाच्या धडधडीत आत आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. दुपारच्या सुट्टीला इंजिन थांबलं, आणि त्या शांततेत कोणी बाई मोठ्याने ओरडली, “गोविंदराव!”

मी कचेरीत होतो. वीस वर्षांच्या संसारात त्या आवाजात मी माझं नाव ऐकलं नव्हतं. म्हणून आवाज ओळखलाच नाही. उलट राग आला, ही कोण नाव घेणारी? तसाच बसून राहिलो.

भेरूसिंहाने सलाम ठोकून फाटक उघडलं. ती थेट पडवीत धावली. धुराचा वास आला तेव्हा मी उठलो. दहा बाया चालत बाहेर आल्या. अकरावीला आम्ही उचलून आणलं. ती जगली, पण तिचे डोळे कायमचे अधू झाले.

सेठजींनी मला बोलावलं. “गलती किसकी?”

“कळत नाही.”

“भेरूसिंह की?”

“त्याने माझा हुकूम पाळला.”

“तो तुम्हारी?”

“शब्द आपण ठरवलात, सेठजी.”

 दुसऱ्या दिवशी त्यांनी भेरूसिंहाला हुकूम पाळल्याबद्दल फेटा दिला. हिला कोणी काही दिलं नाही. मीही नाही.

ती तीन दिवस जेवली नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या मनात. म्हणाली, “मी तुमचं वय तोडलं.” मी हसलो.

ती या चैत्रात गेली. मी सत्तरी ओलांडून बसलो आहे, दातसुद्धा शाबूत. तिच्या म्हणण्याप्रमाणे आधी मी जायला हवा होतो. यातलं मला काही उमगत नाही.

कारखानदारांना एवढंच सांगतो. पलटणीत शब्द ठरवणारा आणि बोलणारा एकाच घडणीचे असतात. तुमच्याकडे तसं नाही. हुकूम नुसता परत म्हणून घेऊ नका, पोपटही म्हणेल. ज्याला पाळायचा आहे त्याला विचारा, तुला हे जमेल का? आणि उत्तर येईपर्यंत दारात थांबा. मला तर चुलीपाशी न विचारता उत्तर मिळालं होतं. मी थांबलो नाही.