पल्याड नसलेलं पाणी

देवरावभाऊ बोलता बोलता मध्येच थांबायचे, उजव्या हाताचं एक बोट वर करायचे आणि ऐकायचे. समोर साहेब असोत नाहीतर जेवणाचं ताट. ऐकून झालं की बोट खाली आणि वाक्य तुटलं तिथून पुढे चालू. अहेरीच्या आमच्या वन कार्यालयात ते पहिल्यांदा आले, तेव्हा मी त्यांच्या सेवापुस्तकातल्या नोंदी तपासत होते. बोट वर गेलं. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. ते म्हणाले, "बाई, तुमचा हा पंखा दोन दिसांचा पाहुणा हाय." तिसऱ्या दिवशी पंखा बंद पडला. दुरुस्तीचा अर्ज मी आदल्याच दिवशी देऊन ठेवला होता.

ते वनपाल होते. सगळी नोकरी दक्षिण गडचिरोलीच्या जंगलात गेली. "डोळ्यानं जंगलात पंधरा पावलं दिसते," ते म्हणायचे. "त्याच्या पुढचं सारं कानानं पाह्यलं पायजे. वानर खोकललं का समजाचं, कुठीतरी वाघ उठून राह्यला." अशा माणसाला समुद्राचं वेड लागावं, हे आमच्या कार्यालयातलं कायमचं कोडं होतं. तरुणपणी एका सरकारी प्रशिक्षणाला ते कोकणात गेले होते. तिथे एक अख्खी दुपार भिजलेल्या पँटीने काठावर उभे राहिले आणि तेव्हाच ठरवून टाकलं, निवृत्तीनंतर इथेच.

आमचे शिपाई त्यांना चिडवायचे, "काऊन भाऊ, प्राणहिता पुरत नाई का तुमाले? दोन पावलांवर तर हाय."

"तिचा पल्याडचा काठ दिसते ना बे," देवरावभाऊ म्हणायचे. "पल्याड तेलंगण, तिथी बी झाडंच. मले असं पाणी पायजे, ज्याले पल्याडच नाई."

निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात घालून त्यांनी भाषण केलं, "आता मी चाललो समुद्रावर. वापस आलो तर गावात घेऊ नका." टाळ्या पडल्या. आमच्याकडे बदलीवर येऊन गेलेल्या एका कोकणातल्या अधिकाऱ्याचं समुद्राकाठचं घर रिकामं होतं, ते राहायला मिळालं. अहेरीचं घर त्यांनी नुकतंच लग्न झालेल्या पुतण्याला राहायला देऊन टाकलं. सामानाची यादी अर्थातच मी केली. गॅस, आधारचा पत्ता, बँकेची शाखा, रक्तदाबाच्या गोळ्या, घरचा तांदूळ, छत्र्या दोन. छत्र्यांवर त्यांनी काट मारली. "पाण्याच्याच गावाले चाललो, छत्री कायले?" जूनमध्ये त्यांचा फोन आला तो एकाच शब्दाचा होता: "छत्री."

त्यांच्या पत्नी शकुनबाई तांदळाच्या पोत्याचं तोंड शिवत होत्या. त्यांनी मान वर न करता मला विचारलं, "मले कोणी विचारलं का, बाई?" कोणी विचारलं नव्हतं. माझ्या यादीतही तो मुद्दा नव्हता. मी म्हटलं, "सहा महिने बघा. नाही करमलं तर परत या." त्या म्हणाल्या, "यांच्यामागं कुठीकुठी गेली मी. आता हे बी पाहू."

पहिल्याच दिवशी देवरावभाऊंनी तिथे नाव कमावलं. आमच्याकडे धानाच्या शेताला पाणी द्यायला बोडी असते, म्हणजे मातीची पाळ घातलेलं छोटं तळं. बोडीचं पाणी एकाएकी उतरलं, तर अर्थ एकच, पाळ फुटली. मग फावडं घेऊन सगळा गाव धावतो. भाऊ सकाळी भरलेला समुद्र बघून झोपले. दुपारी उठून बघतात तर पाणी पार लांब आणि समोर नुसता ओला चिखल. ते तसेच शेजारच्या घरी गेले. "अवं बाई, पाणी उतरून राह्यलं! पाळ कुठी फुटली पाहाले कोणी गेलं का?" शेजारीण हसून हसून ओट्यावर बसली. "अवो भाऊ, ओहोटी ती! सांजेक परत येतला." हे मला त्यांनीच फोनवर सांगितलं, आणि वर म्हणाले, "म्या बोडीवरचा माणूस, मले काय मालूम याले रोज दोनदा फुटाची सवय हाय!"

पहिला महिना फोन लांबलचक यायचे. सूर्य कसा बुडतो, होड्या कशा येतात, मासे कोणते. दुसऱ्या महिन्यात ते आमच्याकडची खबर विचारू लागले. तेंदूपत्ता कसा झाला, धानाची रोवणी झाली का. पावसाळा संपता संपता फोन अगदी आखूड झाले. त्यांच्या मागे समुद्राचा आवाज यायचा. मी म्हटलं, "छान ऐकू येतोय."

"बाई, हा गपच बसत नाई ना," ते म्हणाले. "जंगल कामापुरतं बोलते. मधात चुप राह्यते, म्हणून त्याचं ऐकू येते. याची रातदिवस बडबड. मले दुसरं काहीच ऐकू येऊन नाई राह्यलं. बहिरा झाल्यासारखा वाटते."

नोव्हेंबरात ते एकटेच अहेरीला हजर. दोन दिवसांचा प्रवास करून. कारण काय, तर हयातीचा दाखला. पेन्शन घेणाऱ्याने वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं बँकेला कळवायचं असतं. मी म्हटलं, "भाऊ, तो तिथल्या शाखेतही देता येतो. मी लिहून दिलं होतं तुम्हाला."

"तिथचा बँकवाला मले ओळखत नाई. मी जिता हाय का मेला, त्याले काय समजते?"

बँकेत दाखला देऊन ते परत कार्यालयात आले. मग खुर्ची ओढून ते माझ्या टेबलाशी बसले आणि हळूच म्हणाले, "वापसीची यादी करा, बाई. भाषण देऊन गेलो होतो, लोक हासतील तर हासू द्या. कुठी खोली भेटते का तेवढं पाहा." मी कागद काढला. तिकडून काय काय आणायचं हे शकुनबाईंनाच विचारावं म्हणून त्यांना फोन लावला आणि सवयीने स्पीकरवर टाकला.

"आणाचं काही नाई," शकुनबाई म्हणाल्या. "मी येत नाई."

देवरावभाऊ पुढे वाकले. "काऊन वं? तुलेच तर याचं नव्हतं!"

"नव्हतं. आता हाय. तीस वर्षं क्वार्टरात दार लावून तुमची वाट पाह्यली मी. पान वाजलं तरी जीव उडे. तुमाले सारं ऐकू ये, मले काय ये? इथी सकाळी एकटी फिराले जातो. दूरदूर दिसते. झाडामागं कोणी नाई, झाडच नाई. उन्हाळ्यात शेजारची मले कोकम सुकवाले शिकवनार हाय. तुमाले राहाचं तं राहा तिथी. मी भांडून नाई राह्यली. पण मी येत नाई."

फोन ठेवल्यावर भाऊ बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. शिपायाने चहा आणला, तो निवला. अशा वेळी सल्ला देऊ नये एवढं मी नोकरीत शिकले आहे. शेवटी ते म्हणाले, "तीस वर्षात हे कधी बोलली नाई." मग उठले. "मी विचारलं बी नाई म्हणा." दुसऱ्या दिवशी ते बल्लारपूरहून गाडीत बसले. खोली बघायची गरज पडली नाही.

पुढच्या मेमध्ये मी चार दिवस त्यांच्याकडे गेले. घर नीटनेटकं, ओट्यावर कोकमाची सालं वाळत घातलेली. देवरावभाऊ मागच्या काजूच्या डोंगराकडे तोंड आणि समुद्राकडे पाठ करून बसले होते. मला हसू आलं. "काय भाऊ, एवढ्या लांब येऊन पाठ?"

"पाहून झाला, बाई. खरं सांगू? समुद्र सहा महिन्यांत जुना होते. मांगल्या डोंगरात एक मोर हाय, त्याचं ऐकून भागवतो." मग त्यांनी खुर्ची फिरवली. "पण या टाइमाले मी इकडं तोंड करतो. ती फिराले गेली का उशीर करते. कुठी गेली, कोणासंग बोलत बसली, पाय तं नाई घसरला... जीव थाऱ्यावर राह्यत नाई. पह्यले मले मालूमच नव्हतं, वाट पाह्यनं किती मेहनतीचं काम हाय ते."

"मग फोन का नाही करत?"

"तिनं केला होता का कधी? जंगलात रेंज होती का?"

वाळूवर लांब, पाण्याच्या कडेला एक ठिपका दिसू लागला. डोळ्यांवर हात धरून त्यांनी तो पुरता ओळखीचा होईपर्यंत पाहिला.

"आली," ते म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.