कान कोणी पिळायचा
आमच्या कोरीट गावात लढाईवरून कुणी एक पाय गमावून आला असता, तर त्याला घोड्यावर बसवून मिरवलं असतं. माझा थोरला भाऊ ब्रह्मदेशातून धडधाकट परतला, हीच त्याची चूक.

भांडं पडलं की तो जमिनीवर आडवा व्हायचा. चुलीपाशी बसलेल्या आईलाही हात धरून खाली ओढायचा. लष्करानं घरी धाडताना दिलेला इंग्रजी कागद मास्तरांनी मनात वाचला आणि घडी घालून वडिलांच्या हाती ठेवला. आत काय लिहिलंय ते मोठ्यानं सांगायची मास्तरांना लाज वाटली. पुढे सुटून आलेल्या शिपायांना तपासायला नंदुरबारला एक डॉक्टर साहेब आले, तेव्हा वडील भावाला घेऊन निघाले, मीही हट्टानं बरोबर गेले. साहेबांनी भावाचे हात पाहिले, पाय पाहिले, दातसुद्धा पाहिले. झोप लागते का, एवढं मात्र विचारलं नाही. तब्येत ठीक म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली.

इथेच आमचं गाडं घसरलं. सरकारी डॉक्टर म्हणतो दुखणं नाही, म्हणजे हे बाहेरचंच असणार, असं घरात ठरलं. भगत आला. आमचं शेतच मिरचीचं, घरात मिरच्यांना काय तोटा? निखाऱ्यावर पसापसा टाकून भावाला धुरी दिली. भूत पळालं नाही. भाऊ तेवढा डोळे सुजेपर्यंत खोकला. मग त्याला मागच्या कडब्याच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी लावली. वडिलांचा मला आजही राग येतो. त्यांना पोराची लाज वाटत होती, आणि तिला ते काळजी म्हणत होते.

अशात माझं लग्न ब्राह्मणपुरीला जुळलं. सोयऱ्यांना सांगितलं होतं, आमचा मुलगा अजून पलटणीतच आहे. आमच्यात होमाजवळ नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, बहिणीला नीट वागव म्हणून, आणि मानाचा फेटा घेतो. तो मान वडिलांनी चुलतभावाला देऊन टाकला.

"मन्हा भाऊ जित्ता शे," मी म्हटलं. "कान तोच पिळी."

"लगीन मोडी जाई, बाई," वडील म्हणाले.

"मोडू द्या."

कुंकू लावायला सासरची माणसं आली त्या दुपारी मी कडी काढली आणि भावाला हाताला धरून ओसरीवर आणलं. वडिलांचा चेहरा उतरला. सासरे भावाकडे बघत राहिले.

"याले काय व्हयेल शे?"

"लढाईमा ग्या व्हता," मी म्हटलं. "तठे जे देखं, ते त्याले आजून दखाई ऱ्हायनं."

सासऱ्यांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली, सावकाश चघळली. मी भावाचा हात सोडला नाही.

"मंग मांडोमा बार फोडाना नही," ते शेवटी म्हणाले.

एवढी गोष्ट त्या डॉक्टरला सुचली नव्हती.

लग्नात फटाका उडाला नाही. होमाजवळ भाऊ आला, नवं धोतर नेसून. त्याचा हात नवऱ्याच्या कानापर्यंत जायचा आणि मागे यायचा. एकदा गेला, दोनदा गेला. मांडवात कुजबुज सुरू झाली. वडिलांनी डोळ्यांनी खूण केली तसा चुलतभाऊ पुढे सरकला.

तेव्हा मी, नवरी, पाटावरून उठले. भावाचं मनगट धरलं, त्याची बोटं नवऱ्याच्या कानावर ठेवली, आणि आम्ही दोघांनी मिळून कान पिळला.

"एक येडा व्हता, आते दोन व्हयनात," मागून कुणी तरी म्हणालं.

मी ऐकलं, आणि कान आणखी थोडा पिळला.