उसना आणलेला बंदुकीचा खेळ

आमच्या घरात बंदुकीचा गेम येणार नाही, हे मी लेकीला स्वच्छ सांगून टाकलं होतं. तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरांकडे तो होता म्हणे. टीव्हीला जोडायचा, तो कंट्रोलर का काय तो हातात धरायचा आणि समोर दिसेल त्याला गोळ्या घालायच्या. "आई, गेम आहे गं तो, खरं कोण मरतंय?" हे तिचं पालुपद. मी म्हणायचे, "मग बुद्धिबळ खेळ, त्यातपण राजा मरतो." पण तोंडाला तोंड देण्यात ती माझीच लेक, ऐकते कुठली!

नवरा तिच्या बाजूचा. महाडच्या एमआयडीसीत शिफ्ट करून दमून येतो, त्यामुळे लेकीला नाही म्हणायचं काम कायम माझ्याकडे. "तुझं दुःख पोरीच्या गळ्यात का बांधतेस?" असं तो एकदा बोलून गेला. त्या दिवशी मी त्याचं ताट वाढून ठेवलं आणि माझं घेऊन आत जाऊन जेवले.

ते दुःख असं. माझं माहेर पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या वाटेला. डुकरं शेताची नासधूस करायची म्हणून, आणि थोडी रीत म्हणूनही, उन्हाळ्यात गावची पारध निघायची. निम्मी माणसं डोंगराच्या एका अंगाने हाका मारत, डबे बडवत रान उठवायची. ज्यांच्याकडे ठासणीची बंदूक, ती दुसऱ्या अंगाला दबा धरून बसायची. रान उठवणाऱ्याने तोंड मिटायचं नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आवाज आला तर माणूस, आणि आवाजाशिवाय झुडपांची जाळी हलली तर डुक्कर.

माझा धाकटा भाऊ बारावीची परीक्षा देऊन त्या वर्षी रान उठवायला गेला. एका जाळीपाशी तो मुकाट झाला. तोंडात करवंदं होती त्याच्या, मूठभर कोंबलेली. समोर बाबा बसले होते. बंदूक त्यांनी झाडली.

बाबांनी ती बंदूक स्वतःच्या हाताने पोलिसांत नेऊन दिली. केस अपघाताची म्हणून मिटली. घरात काय मिटणार, डोंबल? आईने मरेपर्यंत बाबांना बोल लावला नाही. आपलेच दात नि आपलेच ओठ, लावायचा कुणाला? बाबांनी भावाचं नाव पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही, आणि आम्हीही त्यांच्यासमोर काढलं नाही. लेकीला एवढंच सांगितलं होतं की मामा अपघातात गेला. भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळते, तेव्हा ती माझ्याशेजारी उभी असते.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महाडला आणलं. आई गेल्यापासून गावात एकटेच राहतात. आणि नेमका त्याच आठवड्यात नवऱ्याने कंपनीतल्या मित्राकडून तो गेम उसना आणला. "सोमवारपर्यंत खेळू दे तिला. मग बघू, विकत घ्यायचा की नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घरात कोण आहे ते दिसतंय ना? अक्कल गहाण टाकलीस काय?" त्याचा चेहरा खर्रकन उतरला. बिचाऱ्याच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं. पण लेकीने तोवर खोका फोडलेला. शेवटी ठरलं, तिने हेडफोन लावून खेळायचं आणि बाबांच्या खोलीचं दार बंद ठेवायचं.

शनिवारी मी बाबांच्या डोळ्यात घालायचे थेंब आणायला बाजारात गेले. परत येताना जिन्यातच आवाज कानावर आला. धाड, धाड, धाड. उरलेल्या पायऱ्या मी धावतच चढले. दार ढकलून बघते तर टीव्हीसमोर खुर्चीत बाबा. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात तो कंट्रोलर, मान पुढे काढलेली. लेक खाली त्यांच्या पायाशी बसलेली.

मी थेट भिंतीपाशी गेले आणि वायर उपटून काढली. "लाज नाही वाटत? आजोबांच्या हातात बंदूक देतेस?" आणखीही बरंच बोलले.

लेक रडायलाच लागली. "आजोबा कुणाला मारत नव्हते! उठवत होते!"

मला काही कळेना. हुंदके देत तिने सांगितलं. पाणी प्यायला बाहेर आलेले बाबा तिचा खेळ बघत उभे राहिले. हेडफोन पट्टीला लागतो म्हणाले, म्हणून तिने तो काढला. त्या खेळात आपल्या बाजूचा कुणी गोळी लागून पडला, तर जवळ जाऊन बटण दाबून धरायचं. पडद्यावर एक गोल हळूहळू भरत येतो, पुरा भरला की तो माणूस उठून चालायला लागतो. "आजोबांनी विचारलं, पडलेला परत उठतो काय? मी करून दाखवलं. तेव्हापासून ते नुसते उठवतच बसलेत. आम्ही सारखे हरतोय!"

"मी नाय मारलं गो कुणाला," बाबा म्हणाले. अगदी हळू, पोलिसाला सांगावं तसं.

मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि ढसाढसा रडले. लेक मागून आली. "काय झालं सांग ना," म्हणाली. मग सगळं सांगितलं, पारध, जाळी, करवंदं. "आजोबांनी?" एवढंच तिने विचारलं. मी मान डोलावली. ती बराच वेळ माझ्या पदराचं टोक धरून उभी होती. मग बाहेर जाऊन तिने वायरी गुंडाळल्या, खोका बंद केला आणि संध्याकाळी पप्पांच्या हातात दिला. "घ्यायचा की नाही?" असं त्याने माझ्याकडे बघून विचारलं. उत्तर लेकीनेच दिलं, "नको." सोमवारी गेम जिथून आला होता तिथे गेला. मी जिंकले म्हणायचं. असलं जिंकणं वैऱ्यालाही नको.

पट्टी निघाल्यावर मी बाबांना एसटीने गावी सोडायला निघाले. पोलादपूर मागे पडलं, घाटाची वळणं लागली. काळा चष्मा लावून बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"तो खेळ परत दिलास काय गो?"

"दिला, बाबा."

"बरा केलास. पोरीच्या हातात नको तसला काय."

मला हायसं वाटलं. विषय संपला, असं वाटून मी पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. त्यांचा उजव्या हाताचा अंगठा समोरच्या सीटच्या दांडीवर होता, घट्ट दाबून धरलेला.

"तू वायर काढलीस तवा," ते म्हणाले, "एक जण अर्धाच उठला व्हता माझा."