भावाला हस म्हणाले तेव्हा

आमच्याकडे मारलेल्या जनावराजवळ पायात काही घालून जात नाहीत. ही आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची रीत. ठासणीची बंदूक खांद्याला, शेतीच्या राखणीचा परवाना घरात पेटीत, आणि रानडुक्कर पडलं की आप्पा आधी बांधावर चपला काढायचे. मग मूठभर गवत उपटून त्याच्या तोंडापाशी ठेवायचे. तिथं कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, हसायचं तर नाहीच. असं का, हे आम्ही पोरांनी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. आमचं गाव कर्नाटकाच्या हद्दीला लागून. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला रताळ्याची रानं. कळप शिरून गेला की सकाळी रान नांगरून ठेवल्यासारखं दिसतं, फक्त त्यात पीक नसतं.

हे सगळं मला ठाऊक होतं, लाज वाटते ती त्याचीच. ठाऊक नसतं तर नकळत झालं म्हणून सोडून दिलं असतं.

सातवी झाल्यावर माझी शाळा सुटली. आई शेतात, म्हणून धाकट्या भावाला सांभाळायला मी घरी. पुढं लग्न झालं आणि बंगळुरूला आले. नवरा महादेवपुऱ्याकडे कंपनीची गाडी चालवतो, मी जे. पी. नगरात अक्कांकडे स्वयंपाक करते. अक्का बँकेतून रिटायर झालेल्या. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपासून इथलंच. मराठी बोलतात, पण आमच्यासारखी नाही. मधेच कन्नडातलं ‘स्वल्प’ म्हणजे थोडं येतं, मधेच ‘सरी’ म्हणजे बरं. मला त्यांनी बँकेत खातं काढून दिलं, बसवरचं कन्नड वाचायला शिकवलं. दुपारी मराठी मासिक मोठ्यानं वाचायला लावतात आणि अडखळले की थांबतात, पण सांगत नाहीत, मीच वाचायचं. त्यांच्याच शब्दावर मला इमारतीत आणखी एक घर मिळालं, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं. या बाई गेटजवळच्या कुत्र्यांना रोज दूधभात घालतात. दोन्ही घरांत अंडंसुद्धा येत नाही.

एवढं चांगलं चाललेलं असूनही मला कायम धास्ती. एकदा कप फुटला तर मी तुकडे पदरात घेऊन उभी राहिले, आता जातं काम म्हणून. अक्का म्हणाल्या, “कपाला काय भितेस? भ्यायचं तर मला भी.”

आप्पा गेल्यावर बंदूक भावाकडे आली, परवानाही त्याच्या नावावर झाला. यंदा डुकरांनी फारच नासधूस केली. गावानं अर्ज केला आणि वनखात्यानं मारायची परवानगी दिली. चोरून काही नव्हतं. मेलेलं जनावर खायचं नाही, फॉरेस्टच्या गार्डसमोर पंचनामा करून पुरायचं. पंचनाम्याला फोटो लागतो. जनावर, आणि त्याच्या शेजारी परवानेवाला.

त्या सकाळी मी अक्कांकडे कणीक मळत होते. भावाचा व्हिडिओ कॉल आला तसा फोन डब्याला टेकवून ठेवला. धुकं होतं. तो रताळ्याच्या रानात उभा, फोन चुलतभावाच्या हातात, आणि पलीकडे काळं काहीतरी आडवं पडलेलं. भाऊ अनवाणी होता. तेही मला दिसलं.

“मादी निघाली गं,” तो म्हणाला.

मी म्हटलं, जाऊ दे, रान तर वाचलं. गार्डला द्यायचा फोटो दाखव म्हटलं. त्यानं पाठवला. फोटोत त्याची मान खाली, बंदूक पायाशी टेकलेली, जणू गुन्हा करून ठाण्यात उभा केलाय. मला ते बघवेना. अख्ख्या गावाचं काम केलं आणि असा चेहरा? इथं इतकी वर्षं राहून फोटो म्हणजे हसायचं, एवढंच माझ्या डोक्यात बसलंय. केक कापताना हसायचं, देवळाबाहेर हसायचं, लिफ्टच्या आरशातसुद्धा हसायचं.

“असा काय उभा राहिलायस, मयताला आल्यासारखा? जरा हस की.”

“हितं कसं हसू?”

“माझ्यासाठी हस. मला स्टेटसला टाकायचाय.”

तो हसला. लहानपणापासून मी सांगेन ते ऐकायची त्याला सवय. भात संपव म्हटलं की संपवायचा, नाक पूस म्हटलं की पुसायचा. चुलतभावाला जोर चढला. त्यानं बंदूक वर धरायला लावली, एक पाय पुढं घ्यायला लावला. फोटो आला. मी कणकेचे हात पुसले आणि स्टेटसला टाकला, वर लिहिलं, ‘माझा भाऊ, गावाचा वाघ.’

माझं स्टेटस कोण बघतं हे ध्यानात आलं नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे आलं होतं. फराळाच्या ऑर्डरीमुळे इमारतीतल्या बहुतेक बायकांकडे माझा नंबर आहे. त्यांची मुलं परदेशात बर्फात उभी असलेले फोटो बघून मी ‘छान’ म्हणत असते. मला वाटलं, माझ्याकडेही दाखवायला कुणीतरी आहे, बघू देत.

दुपारपर्यंत तो फोटो इमारतीच्या ग्रुपवर गेला होता. अक्कांनी चष्मा लावून मला वाचून दाखवलं. स्वयंपाकवालीचा भाऊ, असं कुणीतरी लिहिलं होतं. कुणी पोलिसांत द्या म्हणत होतं. एकानं परवानगी असते, कायदा आहे, असं समजावलं होतं. त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी लिहिलं होतं की कायदा असेल, पण हे तोंड बघा. त्या घरातले हात माझ्या कणकेत नकोत.

मी अक्कांना सगळं सांगितलं. रताळी, अर्ज, परवानगी, पंचनामा. भरभर बोलत होते. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

“परवानगीचं कळलं मला. डुकरं पीक खातात तर शेतकऱ्यानं काय करावं, हे मी इथे फॅनखाली बसून सांगणार नाही. पण हा हसतोय का गं?”

उत्तर माझ्या तोंडात होतं. छोटं होतं. ते गिळून मी म्हणाले, “तो तसाच आहे, अक्का. अडाणी. त्याला कशाचं काही नसतं.”

“सरी,” अक्का म्हणाल्या आणि संध्याकाळी खाली बाकावर जाऊन त्यांनी माझी बाजू मांडली. पोरगी गुणी आहे, भाऊ दांडगट निघाला, त्याला ती काय करणार. मी तोवर स्टेटस काढून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर गेले तर बाईंनी मला आधी खुर्चीवर बसवलं. भाऊ काही आपण निवडत नाही, म्हणाल्या, तू मनाला लावून घेऊ नकोस. स्वतः चहा करून दिला. मी तो प्याले. थँक्यूही म्हणाले. आजवर फुकटचं बरंच काही खाल्लं-प्यायलं असेल, पण त्या चहाची आठवण झाली की अजून मान वर होत नाही.

स्टेटस काढलं म्हणून फोटो थोडाच परत येतो? तो फिरत फिरत बेळगावच्या एका नातेवाइकाकडून गावात पोहोचला, वर नको नको ते लिहिलेला. भावाचा फोन आला. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

“ताई, लोकं म्हणत्यात मला मजा वाटली. तू सांगितलंस न्हवं तिथल्यांना?”

“सांगितलं,” मी म्हणाले.

“मग बरं.” पुढं म्हणाला, “आईनं बघितला. बोलंना माझ्याशी. ताट वाढती आणि जाती. आप्पांची बंदूक जमा करून ये म्हणाली.”

“तू आईला सांगितलं नाहीस?”

“काय सांगू? तायडी म्हणाली म्हणून हसलो? ल्हान हाय व्हय मी?”

त्यानं आईजवळ माझं नाव घेतलं नव्हतं. मी अक्कांजवळ त्याचं नाव धुळीला मिळवून चहा पिऊन आले होते.

सकाळी अक्कांचा नाश्ता झाल्यावर त्यांना सांगितलं. हस मी म्हणाले. त्याच्या मनात नव्हतं. आमच्याकडे तिथं हसत नाहीत. गवताचंही सांगितलं. मला वाटलं, त्या ‘सरी’ म्हणतील आणि मग मी रडेन आणि संपेल. अक्कांनी टेबलावरची साय काढलेली वाटी बाजूला सारली.

“मला सांगून काय होणार? मी खाली तुझ्यासाठी बोलले. ते आता तूच जाऊन मागे घे. मी परत जाणार नाही.”

रागावून बोलल्या नाहीत. पण त्या दुपारी मासिक वाचायला बोलावलं नाही. निघताना ‘उद्या ये’ एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या मजल्यावर गेले. बाईंशी मी हिंदीत बोलते, त्यात माझी हिंदी अशी की घाबरले की निम्मी मराठी होते. तरी सांगितलं. पंचनाम्याचा फोटो होता तो वेगळा, हा मी काढायला लावला. त्यांनी विचारलं, का? मेलेल्या जनावराशेजारी माणसाला हसायला का सांगितलंस?

“तुम्हाला दाखवायला,” मी म्हणाले.

त्या दाराला धरून उभ्या होत्या. त्यांनी दार लोटून घेतलं. संध्याकाळी मेसेज आला, उद्यापासून येऊ नकोस. माझ्या मनात त्यांच्याविषयी वाईट नाही. भाऊ आपण निवडत नाही, पण स्वयंपाकाला बाई कोण हे निवडता येतं.

मग आईला फोन लावला. पाऊसपाणी, नवरा, गुडघा, सगळं विचारून झालं. फोन ठेवायच्या घाईत ती असताना फोटोचं सांगितलं.

“तू हुतीस व्हय तिथं?”

“फोनवर होते. मीच म्हटलं त्याला हस म्हणून.”

“आणि तुला म्हाईत न्हवतं?”

“माहीत होतं, आई.”

फोन कशावर तरी टेकवल्याचा आवाज आला. मला वाटलं, ठेवला. मग तिनं भावाला हाक मारली. गोठ्यात असावा, दोनदा मारावी लागली. “हे घे, तायडीचा फोन हाय,” असं ती त्याच्याशी बोललेली मला ऐकू आलं.

त्यानं काही विचारायच्या आत मी सांगून टाकलं. मागं तुला सांगितलं म्हणाले ते खोटं होतं, अक्कांना तर मी तू अडाणी आहेस म्हणाले होते, आता सगळ्यांना खरं सांगून आले. तो ऐकत होता, मागं म्हैस पाणी पीत होती.

“त्ये ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “काम हाय न्हवं तुझं?”

“एक घर गेलं. अक्कांचं आहे.”

“अजून हाय?”

“उद्या ये म्हणाल्यात,” मी म्हणाले.